कड्यावरची राखण : सॅलिंजरची कादंबरी आणि तिचे वाचक

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. त्या शिक्षकांनी वाचनालयाच्या कपाटांना कधी कुलूप लावू दिलं नाही, असं निमंत्रण देताना संयोजकांनी मला आवर्जून सांगितलं. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय घ्यावा म्हणून आज मी एका अशा कादंबरीविषयी बोलणार आहे, जी वर्गात वाचायला लावली म्हणून शिक्षकाची नोकरी गेली आणि जी शाळांच्या ग्रंथालयांतून पुन्हा पुन्हा हद्दपार झाली. जे. डी. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय'. १६ जुलै १९५१ रोजी बॉस्टनच्या लिटल, ब्राउन या प्रकाशनसंस्थेने ती काढली. पहिल्या आवृत्तीची पानं २७७, प्रकरणं २६. एवढ्याशा पुस्तकाच्या आजवर जगभरात सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत.

या कादंबरीविषयी दोन मतं फार लवकर तयार झाली आणि ती अजून टिकून आहेत. एक मत म्हणतं, ती मुलांना बिघडवते. दुसरं म्हणतं, तो बंडखोर तारुण्याचा जाहीरनामा आहे. इतकी वर्षं ती वाचून आणि विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पुन्हा वाचून मला वाटतं ते असं : ही शोकाची कादंबरी आहे. धाकट्या भावाच्या मरणातून सावरू न शकलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. आणि तिच्या शेवटी त्या मुलाला जे उमगतं, ते तिच्यावर बंदी घालणाऱ्यांना उमगलं असतं, तर त्यांनी बंदी घातली नसती. हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

पेन्सीतून न्यूयॉर्कला

होल्डन कॉलफील्ड सोळा वर्षांचा. न्यूयॉर्कच्या सधन घरातला, वकिलाचा मुलगा. पेन्सिल्व्हेनियातल्या पेन्सी नावाच्या निवासी शाळेतून त्याला काढून टाकलं आहे. पाचांपैकी चार विषयांत तो नापास झालाय, एकट्या इंग्रजीत पास आहे. याआधीही त्याच्या शाळा सुटल्या आहेत. नाताळची सुट्टी बुधवारी लागायची आहे, पण शनिवारी रात्री खोलीतल्या सोबत्याशी त्याची मारामारी होते आणि तो सामान भरून न्यूयॉर्कची गाडी पकडतो. घरी जायची हिंमत नाही, म्हणून हॉटेलात उतरतो. तिथून सोमवारपर्यंत तो त्या प्रचंड शहरात भटकत राहतो. दारूचे गुत्ते, नाटकाचं थिएटर, बर्फावर घसरण्याचं मैदान, बाग, रेल्वे स्टेशनवरचं बाकडं. ही सगळी हकीगत तो काही महिन्यांनी, कॅलिफोर्नियात एका उपचारगृहात असताना, आपल्याला सांगतो.

कथानक म्हणून एवढंच. पण हा मुलगा या काळात काय करतो ते नीट पाहा. न्यूयॉर्कला उतरल्याबरोबर तो टेलिफोनच्या खोक्यात शिरतो. कोणाला फोन करावा याचा विचार करत वीसेक मिनिटं आत उभा राहतो आणि कोणालाच फोन न करता बाहेर येतो. टॅक्सीवाल्यांना विचारतो, सेंट्रल पार्कचं तळं गोठलं की त्यातली बदकं कुठे जातात? एक टॅक्सीवाला उडवून लावतो, दुसरा वैतागून माशांविषयी बोलू लागतो. हॉटेलच्या खोलीत एक वेश्या पाठवली जाते. ती साधारण त्याच्याच वयाची आहे. तिचा हिरवा झगा कपाटात अडकवताना त्याच्या मनात येतं, हा झगा घ्यायला ही दुकानात गेली असेल तेव्हा दुकानदाराला ही साधीसुधी मुलगी वाटली असेल. एवढ्या विचाराने तो खिन्न होतो. तो तिला फक्त बोलत बसायला सांगतो. पैसे देतो, आणि पुढे त्याच पैशांवरून मारही खातो.

त्याचं बोलणं शांतपणे ऐकून घेतात त्या नाश्त्याच्या वेळी भेटलेल्या दोन नन्स. त्यांच्याशी तो 'रोमिओ आणि ज्युलिएट'विषयी बोलतो. त्या भेटीत पहिल्यांदा त्याच्या जिवाला जरा विसावा मिळतो.

हिरव्या शाईतल्या कविता

आता त्याच्या मनात काय आहे ते पाहू. होल्डनला ॲली नावाचा भाऊ होता, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. १८ जुलै १९४६ ला तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. कादंबरीत ही तारीख स्पष्ट दिलेली आहे. ॲली डावखुरा. बेसबॉल खेळताना हातात घालायच्या ग्लव्हवर, त्याच्या बोटांवर आणि तळव्यावर, त्याने हिरव्या शाईत कविता लिहून ठेवल्या होत्या. मैदानात उभं असताना, फलंदाज यायच्या आधी, वाचायला काहीतरी असावं म्हणून. तो गेला त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्याने मुठीने गॅरेजच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. हात मोडला. त्या हाताला अजून नीट मूठ वळता येत नाही. आणि हाताच्या दुखापतीने तो रुग्णालयात असल्यामुळे भावाच्या अंत्यविधीलाही त्याला जाता आलं नाही.

ज्या मारामारीमुळे तो शाळेतून निघाला, तिच्या आधी काय घडतं? खोलीतला सोबती स्ट्रॅडलेटर बाहेर फिरायला चाललाय आणि स्वतःचा निबंध होल्डनकडून लिहून घेतो. विषय असतो एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन. होल्डन बसतो आणि ॲलीच्या ग्लव्हविषयी लिहितो. बहुधा पहिल्यांदाच तो हे कोणासाठी तरी कागदावर उतरवतो. स्ट्रॅडलेटर परत येतो, वाचतो आणि चिडतो. विषयाला धरून लिहिता येत नाही म्हणूनच तुला शाळांतून काढतात, असं त्याच्या बोलण्याचं सार. होल्डन तो निबंध हातातून घेऊन फाडून टाकतो.

श्रोतेहो, शिक्षक म्हणून मला या प्रसंगाचं सगळ्यात जास्त भय वाटतं. आपण वर्षाला किती निबंध तपासतो. त्यांतल्या किती निबंधांत एखादं मूल विषय सोडून आपलं काहीतरी सांगत असेल आणि आपण समासात लाल शाईने 'विषयांतर' लिहून पुढे गेलो असू. होल्डनचे इतिहासाचे शिक्षक स्पेन्सर म्हातारे आणि मायाळू आहेत. पण निरोप घ्यायला आलेल्या या मुलाला बसवून घेऊन ते त्याचीच प्राचीन इजिप्तवरची नापास उत्तरपत्रिका त्याला मोठ्याने वाचून दाखवतात. मुलगा काय घेऊन आला आहे, हे त्यांना दिसत नाही. या कादंबरीतली मोठी माणसं बहुतेक वाईट नाहीत. ती ऐकत मात्र नाहीत.

होल्डनची आईही ॲलीच्या दुःखातून बाहेर आलेली नाही. तिचं डोकं दुखत असतं, ती रात्री जागत सिगारेटी ओढत बसते. त्या घरात सगळेच शोक करतायत, पण प्रत्येक जण आपापल्या खोलीत. या मुलाच्या बोलण्यातला शिव्यांचा भडिमार, सगळ्या जगाला खोटं आणि ढोंगी म्हणणं, दर दोन वाक्यांनी एखाद्याला मोडीत काढणं, हे सगळं त्या बंद दारांमागून येणारं आहे. दुःखाची भाषा त्याला कोणी शिकवली नाही. रागाची भाषा त्याला ऐकून ऐकून येत होती, ती त्याने वापरली.

युद्धावरून आलेला लेखक

हे दुःख सॅलिंजरने कुठून आणलं असेल? त्याच्या आयुष्यातून याचं सरळ उत्तर मिळत नाही, पण काही गोष्टी नोंदवायला हव्यात. त्याचा जन्म १ जानेवारी १९१९ चा, न्यूयॉर्कचा. स्वतः शाळेत फारसा चमकला नाही, पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज लष्करी शाळेत त्याला धाडण्यात आलं. होल्डनची पहिली गोष्ट 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने १९४१ साली स्वीकारली. मग पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि नाताळच्या सुट्टीत वैतागलेल्या श्रीमंत मुलाची गोष्ट छापणं संपादकांना अवेळी वाटलं. ती छापली गेली १९४६ च्या डिसेंबरात.

मधल्या काळात सॅलिंजर युद्धावर होता. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यात तो होता. ह्युर्टगेनच्या जंगलातली ती लांबलेली, निरर्थक ठरलेली लढाई त्याने पाहिली. डाखाऊ या नाझी छळछावणीच्या उपछावण्यांपैकी एक मुक्त झाली तेव्हा तो तिथे पोचला होता. १९४५ साली युद्ध संपल्यावर मनाने खचून तो न्यूरेंबर्गच्या रुग्णालयात दाखल झाला. या सगळ्या काळात होल्डनच्या लिखाणाची पानं त्याच्या सोबत होती.

एवढं पाहून परतलेल्या लेखकाने रणांगणाची कादंबरी लिहिली नाही. एका घरात, शांततेच्या काळात, आजाराने गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं. मला यात मोठं शहाणपण दिसतं. युद्धातल्या मृत्यूला तेव्हाच्या अमेरिकेत सन्मान होता, पदकं होती, भाषणं होती. घरातल्या मुलाच्या मृत्यूला यातलं काही नव्हतं. युद्ध जिंकलेला, भरभराटीला लागलेला, नव्या घरांची आणि मोटारींची स्वप्नं बघणारा तो देश दुःखाला वेळ द्यायला तयार नव्हता. अशा देशात एक मुलगा सांगतो की माझ्या भावाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी अजून तिथेच आहे. हे त्याचं खरं बंड.

शब्द मोजणारे

आता आक्षेपांकडे वळू. १९५३ साली सिग्नेटची स्वस्त, खिशात मावणारी आवृत्ती निघाली आणि पुस्तक मुलांच्या हाती पोचलं. शिक्षकांनी ते वर्गात लावायला सुरुवात केली आणि तक्रारी सुरू झाल्या. १९६० साली ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात अकरावीच्या वर्गाला हे पुस्तक लावलं म्हणून एका शिक्षकाला नोकरीवरून काढलं. अपील झालं, नोकरी परत मिळाली, पण पुस्तक शाळेतून गेलं ते गेलंच. १९७८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा गावी एका बाईंनी पुस्तकातल्या ७८५ शिव्या आणि अपशब्द मोजून काढले आणि हे पुस्तक कम्युनिस्टांच्या कटाचा भाग असल्याचं सांगितलं. तिथल्या शाळेच्या यादीतून ते वगळलं गेलं. १९६१ ते १९८२ या काळात अमेरिकी शाळांत आणि ग्रंथालयांत सर्वाधिक सेन्सॉर झालेलं पुस्तक हेच. आणि १९८१ साली अशी स्थिती होती की सरकारी शाळांत सगळ्यात जास्त बंदी घातलेलं पुस्तक हेच, आणि सगळ्यात जास्त शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकांत त्याचा क्रमांक दुसरा.

हे आक्षेप घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ते आईबाप होते. आपलं मूल हातातून निसटतंय ही भीती खरी असते आणि ती कोणत्याही देशातल्या आईबापाला कळते. पुस्तकात शिव्या आहेत, दारू आहे, सिगारेटी आहेत, वेश्या आहे. होल्डन मुलींविषयी उथळ बोलतो, समलिंगी माणसांविषयी त्याच्या मनात भीती आणि पूर्वग्रह आहेत. हे सगळं वर्गात उघडपणे बोलायला हवं, आणि मी ते बोलत आले आहे. होल्डन हा आदर्श मुलगा नाही, तसा सॅलिंजरचा दावाही नाही.

पण ७८५ शब्द मोजण्यासाठी पुस्तक ओळीन् ओळ वाचावं लागतं. इतकं बारकाईने वाचताना ॲलीचं नाव किती वेळा येतं, हे मोजावंसं वाटलं नाही, याचं मला वाईट वाटतं. स्पेन्सर सरांनी उत्तरपत्रिकेचं केलं, तेच या वाचकांनी पुस्तकाचं केलं. चुका पाहिल्या, मूल पाहिलं नाही.

पंचविसावं प्रकरण

माझं म्हणणं ज्या प्रकरणावर उभं आहे ते शेवटून दुसरं, पंचविसावं. त्याकडे जाण्याआधी बाविसाव्या प्रकरणात थांबावं लागेल.

रात्री होल्डन चोरून घरी येतो, दहा वर्षांच्या धाकट्या बहिणीला, फीबीला भेटायला. ती त्याला विचारते, तुला या जगात आवडतं तरी काय? त्याला नीट काही आठवत नाही. आठवतात त्या दोन नन्स, आणि जेम्स कॅसल नावाचा जुन्या शाळेतला मुलगा. हा मुलगा एका गर्विष्ठ पोराविषयी खरं ते बोलला. टोळक्याने त्याला खोलीत कोंडून छळलं, शब्द मागे घे म्हणून. त्याने घेतला नाही आणि खिडकीतून उडी टाकली. मेला तेव्हा त्याच्या अंगात होल्डनकडून मागून नेलेला स्वेटर होता. पडलेल्या मुलाजवळ सगळे नुसते उभे होते. आपला कोट रक्ताने भरेल याची पर्वा न करता त्याला उचलून नेणारे एकच शिक्षक निघाले, ॲन्टोलिनी. मग होल्डन फीबीला म्हणतो, मला ॲली आवडतो. ती म्हणते, तो तर गेला. आणि मग तू काय होणार, या प्रश्नावर तो ते प्रसिद्ध उत्तर देतो : राय या धान्याच्या मोठ्या शेतात हजारो लहान मुलं खेळतायत, शेताच्या टोकाला कडा आहे, आणि धावता धावता कड्याकडे येणाऱ्या मुलांना झेलणारा, अडवणारा माणूस मला व्हायचं आहे.

हे स्वप्न लोकांनी सुटं काढून भिंतींवर लावलं. कादंबरीत ते सुटं नाही. ते दोन मेलेल्या मुलांच्या आठवणीला लागून येतं. एकाला आजारापासून वाचवता आलं नाही, दुसऱ्याला खिडकीपासून. कड्यावरची राखण ही त्या दोघांसाठी उशिरा केलेली राखण आहे. आणि ज्याला सगळ्यांना झेलायचं आहे, तो स्वतःच पडत असतो. दुसऱ्या दिवशी फिफ्थ ॲव्हेन्यूवर चालताना दर पदपथ उतरताना त्याला वाटतं, आपण खाली खाली जाऊ आणि नाहीसे होऊ. तो मनातल्या मनात ॲलीला विनवतो, मला नाहीसा होऊ देऊ नकोस. पलीकडे पोचला की ॲलीचे आभार मानतो.

त्यानंतर तो फीबीच्या शाळेत जातो. तिथे भिंतीवर एक घाणेरडा शब्द लिहिलेला दिसतो. लहान मुलं हा वाचतील, एखादं द्वाड पोर त्यांना अर्थ सांगेल, या विचाराने त्याचा संताप होतो आणि तो हाताने तो शब्द पुसतो. ज्या शब्दासाठी या पुस्तकावर सर्वाधिक गदारोळ झाला, तो शब्द इथे पुसला जातोय. पुस्तकातला पहिला सेन्सॉर होल्डनच आहे. जिन्यात तोच शब्द पुन्हा दिसतो, या वेळी चाकूने कोरलेला. तो पुसला जात नाही, आणि होल्डनला कळतं की आयुष्यभर पुसत बसलं तरी जगातले निम्मेसुद्धा असे शब्द पुसून होणार नाहीत. पुढे संग्रहालयात, इजिप्तच्या थडग्यांच्या शांत दालनात, तो तिसऱ्यांदा दिसतो. आणि होल्डनला कळतं की आयुष्यभर पुसत बसलं तरी जगातले निम्मेसुद्धा असे शब्द पुसून होणार नाहीत.

तेवढ्यात फीबी येते. हातात भली मोठी सुटकेस. तो पश्चिमेकडे पळून जाणार असल्याचं तिला कळलंय आणि ती त्याच्याबरोबर निघालीय. होल्डन तिच्यावर भयंकर रागावतो. आणि तिथेच त्याचं पळून जाणं संपतं, कारण आपल्या मागे एक लहान मूल चालत येतंय हे त्याला दिसतं. रुसलेल्या बहिणीला घेऊन तो सेंट्रल पार्कमधल्या लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर जातो. चक्र फिरताना मुलं कडेची सोनेरी कडी पकडायला झेपावतात. फीबीही झेपावते. ती पडेल अशी त्याला भीती वाटते, पण तो काही बोलत नाही, काही करत नाही. मुलांना कडी पकडायची असेल तर पकडू द्यावी, पडली तर पडली, त्यांना काही म्हणू नये, असं त्याला उमगतं. मुसळधार पाऊस येतो. बाकीचे आडोशाला पळतात, तो बाकावरच भिजत बसतो आणि फिरणाऱ्या बहिणीकडे पाहून त्याला इतका आनंद होतो की रडू येऊ पाहतं.

कादंबरीचं नाव ज्या स्वप्नावरून आलं, ते स्वप्न होल्डन इथे सोडून देतो. कड्यावरचा राखणदार होणं कोणालाच शक्य नाही. बाकावर बसून पाहत राहणं, हाकेच्या अंतरावर थांबणं शक्य आहे. ज्यांनी मुलांच्या हातून हे पुस्तक काढून घेतलं त्यांना तेच कड्यावरचं काम करायचं होतं. चोविसाव्या प्रकरणापर्यंतचा होल्डन त्यांच्या बाजूचा होता. पंचविसाव्या प्रकरणात तो त्यांच्या पुढे निघून गेला.

अर्धवट वाचलेलं पुस्तक

या पुस्तकाच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवस ८ डिसेंबर १९८०. त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये, सेंट्रल पार्कला लागून असलेल्या डकोटा इमारतीसमोर, मार्क डेव्हिड चॅपमनने जॉन लेननला गोळ्या घातल्या. त्याच्याजवळ या कादंबरीची प्रत होती आणि पोलीस येईपर्यंत तो ती वाचत थांबला होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये शिक्षा सुनावली जाताना त्याने न्यायालयात कड्याचा तो उतारा वाचून दाखवला. १९८१ च्याच मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, त्या हल्लेखोराच्या हॉटेलच्या खोलीतही हे पुस्तक सापडलं.

यानंतर पुस्तकावर संशयाची सावली पडली ती पडलीच. मला यावर एवढंच सांगायचं आहे. कोट्यवधी लोकांनी हे पुस्तक वाचलं, आणि अनेकांनी ते आपल्याला एकटेपणातून बाहेर काढणारं म्हणून जपलं. चॅपमनच्या आजारी मनाने त्यात जो आदेश वाचला, तो त्यात नाही. त्याने उतारा निवडला तो बाविसाव्या प्रकरणातला. फिरत्या चक्रापर्यंत तो पोचलाच नाही. पुस्तकाला आज्ञापत्र समजणं ही चूक मारेकऱ्याने केली आणि बंदी घालणाऱ्यांनीही. एकाने आज्ञा मानली, दुसऱ्यांनी ती इतर कोणी मानेल या भीतीने पुस्तक काढून घेतलं. कादंबरी आज्ञा देत नाही. ती एक माणूस आपल्यासमोर बसवते आणि त्याचं ऐकायला सांगते.

सॅलिंजरने स्वतः यावर काही भाष्य केलं नाही. १९५३ पासून तो न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश या गावी राहत होता. स्वामी निखिलानंदांच्या न्यूयॉर्कमधल्या रामकृष्ण-विवेकानंद केंद्राशी त्याचा संबंध आला होता आणि वेदान्ताची ओढ अखेरपर्यंत राहिली. १९६५ नंतर त्याने काही छापलं नाही. कादंबरीवर चित्रपट काढू दिला नाही. २७ जानेवारी २०१० ला तो गेला.

पांडुरंग आणि होल्डन

मराठी वाचकाला या कादंबरीची आणखी एक ओळख आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हापासून समीक्षेत तिची तुलना सॅलिंजरच्या या कादंबरीशी होत आली आहे. नायकाचं प्रथमपुरुषी निवेदन, बोलीभाषा, कॉलेजातल्या आणि घरातल्या खोटेपणाचा वैताग, ही साम्यं वारंवार सांगितली गेली. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर हा मॅनहॅटनच्या होल्डनपेक्षा अगदी वेगळ्या मातीतला, वेगळ्या पैशांतला, वेगळ्या बापाचा मुलगा आहे. त्यामुळे एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणणं अन्यायाचं होईल.

मला त्या दोघांत सगळ्यात जवळचं वाटतं ते वेगळंच. दोन्ही कादंबऱ्यांच्या मधोमध एका लहान भावंडाचं मरण आहे. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, आणि ती पानं वाचताना मराठी वाचकाच्या घशात आजही आवंढा येतो. होल्डनला ॲली गेला तरी फीबी उरते. त्याची लाल टोपी त्याच्या डोक्यावर परत घालणारं, सुटकेस घेऊन मागे येणारं एक माणूस त्याच्या वाट्याला आहे. पांडुरंगाची मनी हीच ॲली आणि हीच फीबी. ती गेल्यावर त्याला परत आणणारं कोणी राहत नाही. म्हणून 'कोसला'चा शेवट अधिक कोरडा, अधिक एकाकी आहे. या दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या की कळतं, बंडखोर म्हणून आपण ज्या मुलांचं कौतुक केलं किंवा ज्यांना नावं ठेवली, ती मुलं आधी शोकग्रस्त होती.

आणि मला साने गुरुजींचा श्याम आठवतो. 'श्यामची आई' हीसुद्धा गेलेल्या माणसाची आठवण आहे. पण श्यामला रोज रात्री ऐकणारी मित्रमंडळी होती. तो सांगे, ती ऐकत. म्हणून त्याच्या दुःखाला कोवळी भाषा मिळाली. होल्डन टेलिफोनच्या खोक्यातून फोन न करता बाहेर आला.

मागणं

अखेरीस ॲन्टोलिनी सरांकडे येते. जेम्स कॅसलला उचलणारे तेच शिक्षक. मध्यरात्री होल्डन त्यांच्या दारी जातो आणि ते त्याला झोपायला जागा देतात, बराच वेळ बोलतात. त्या बोलण्याचा आशय असा की माणसांच्या वागण्याने गोंधळलेला, घाबरलेला, उबगलेला तू काही पहिला नाहीस. तुझ्यासारखे पुष्कळ होऊन गेले, त्यांतल्या काहींनी आपला त्रास लिहून ठेवला. तू त्यांच्याकडून शिकशील, आणि पुढे कोणी तुझ्याकडून शिकेल. त्याच रात्री त्यांच्या एका कृतीने होल्डन घाबरून पळ काढतो, आणि त्यांना आपण चुकीचं तर समजलो नाही ना, हा प्रश्न त्याला आणि आपल्यालाही सुटत नाही. माणूस संशयाच्या छायेत गेला तरी त्याचं ते म्हणणं खरं राहतं. अस्वस्थ मुलाला अस्वस्थ मुलाचं पुस्तक का द्यावं, याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

म्हणून इथे बसलेल्या पालकांना माझी विनंती आहे. तुमच्या मुलाच्या दप्तरात असं एखादं पुस्तक सापडलं, ज्यातली भाषा तुम्हाला खटकते, तर ते काढून घेऊ नका. आधी स्वतः पूर्ण वाचा, शेवटच्या पानापर्यंत. मग मुलाला विचारा, यातलं कोण आवडलं, कोणाचा राग आला, कोणाची कीव आली. उत्तर तुम्हाला हवं तसं नसेल. तरी ते मधे न तोडता ऐका. शिक्षकांना विनंती, एखाद्या निबंधात मूल विषय सोडून गेलं तर गुण कापण्याआधी ते कुठे गेलंय ते पाहा. वाचनालयाच्या कार्यकारिणीला विनंती, किशोरांच्या कपाटात ही कादंबरी आणि 'कोसला' दोन्ही ठेवा, आणि वर्षातून एक दिवस मुलं आणि पालक एकत्र बसून त्यांवर बोलतील असं करा. हे व्याख्यान ज्यांच्या नावाने आहे, त्यांनी कपाटं उघडी ठेवली ती मुलांवर त्यांचा विश्वास होता म्हणून. तो विश्वास त्यांच्यामागे आपण चालू ठेवायचा आहे. काही मुलं त्या कपाटातून चुकीचं पुस्तक उचलतील, काही अर्धवट वाचतील, काही दुखावतील. तेव्हा त्यांना विचारायला, ऐकायला कोणीतरी जवळ असलं पाहिजे. ते काम आपलं आहे, आणि कुठल्याही बंदीपेक्षा ते अवघड आहे.